परतीचे पाहुणे: मार्च-एप्रिलमध्ये ठाणे-नवी मुंबईच्या बागांत काय बघावं, कसं नोंदवावं

खाडीकाठ | ८ मार्च

होळी तोंडावर आली की पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ ओसरते. खाडीवरच्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढून झालेले असतात, उकाडा सुरू होतो आणि दुर्बिणी कपाटात जातात. सोसायटीच्या झाडांवर खरी उलथापालथ चालू होते ती याच दिवसांत. म्हणून हा धागा.

आपल्याकडचं वसंतातलं स्थलांतर म्हणजे मुख्यतः निघून जाणं. हिवाळाभर इथे राहिलेले वटवटे (वॉर्बलर), माशीमार, धोबी आणि थिरथिरे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने हिमालय, मध्य आशिया आणि त्याही पलीकडे निघतात. आणखी दक्षिणेला हिवाळा काढलेले त्यांचे भाईबंदही जाता जाता इथे उतरतात. लहान गाणारे पक्षी बहुतेक रात्री उडतात आणि पहाटे दिसेल त्या हिरव्या तुकड्यात थांबतात. त्यामुळे काल झाडावर पाच, आज एकही नाही, परवा पुन्हा सात, असं होतं. कालचेच परत आले असं समजू नका.

जाण्याचा क्रम ढोबळमानाने असा. खाडीकाठच्या गवतातले शंकर (ब्लूथ्रोट) आणि गप्पीदास मार्चमध्येच विरळ होतात. थिरथिरा आणि लाल छातीचा माशीमार मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला निघतात. भोरड्यांचे (रोझी स्टार्लिंग) थवे एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत दिसतात. हिरवट वटवट्या (ग्रीनिश वॉर्बलर) आणि ब्लिथचा वेळू वटवट्या सर्वांत शेवटी, एप्रिलचा उत्तरार्ध उलटेपर्यंत रेंगाळतात. दरवर्षी आठवडाभर इकडे-तिकडे होतंच.

झाडं बघून जागा निवडा, बागेचं नाव बघून नको. मार्चमध्ये फुललेली काटेसावर, पळस किंवा पांगारा असेल तर त्याखाली अर्धा तास नुसतं उभं राहा. भोरड्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर सगळे तिथेच येतात. कोवळी पालवी फुटलेला करंज आणि रेन ट्री वटवट्यांसाठी, कारण पालवीवर अळ्या असतात. फळलेला वड, पिंपळ किंवा उंबर हळद्या आणि तांबटासाठी. नुसती हिरवळ आणि शोभेची पामची झाडं असतील तर धोबी आणि साळुंक्यांवर समाधान मानावं लागतं.

वेळ: सूर्योदयापासून पहिले दोन-अडीच तास. मार्चच्या मध्यावर आपल्याकडे पावणेसातला उजाडतं, एप्रिलच्या मध्यावर सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास. दुपारी समुद्राचा वारा सुटला की पानं इतकी हलतात की त्यांतला वटवट्या शोधणं अशक्य.

नवखी_नेरूळकर | ८ मार्च

छान माहिती. वंडर्स पार्क आणि ज्वेल ऑफ नवी मुंबईत नेहमी फिरायला जाते, पण हे सगळे मळकट-हिरवट पक्षी मला एकसारखेच दिसतात. सुरुवात कुठून करू?

वेळूवन | ८ मार्च

आधी इथले कायमचे रहिवासी कानांनी पाठ करा. मार्चमध्ये तेच सर्वांत जास्त ओरडतात, आणि "नवीन पक्षी" म्हणून विचारलेले बरेचसे त्यांतलेच निघतात.

शिंपी: माथा तांबूस, शेपटी उभी, एकसुरी "टुविट-टुविट-टुविट", आकाराच्या मानाने फारच मोठा आवाज. सुभग: पिवळसर, काळपट पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे, लांब शीळ. जांभळ्या शिंजीरची मादी: खालून फिकट पिवळी, पण चोच लांब आणि बाकदार. नाचण: शेपटीचा पंखा सतत उघडबंद. तांबट: दिसत नाही, नुसतं "टुक टुक टुक" ऐकू येतं. दयाळ: रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात पहाटे पाचपासूनच गायला लागतो. हे सहा ओळखू आले की मग उरलेल्यांकडे वळा.

आता वटवटे. रंगाच्या मागे लागू नका, उन्हात आणि सावलीत तो वेगवेगळा दिसतो. तीन गोष्टी बघा: झाडाच्या कुठल्या मजल्यावर आहे, आवाज कसा आहे, भुवई आणि पंखपट्टा आहे का.

हिरवट वटवट्या झाडाच्या वरच्या भागात असतो आणि क्षणभर स्थिर बसत नाही. भुवई लांब आणि फिकट, पंखावर एकच बारीक पट्टा. उन्हाळ्यापर्यंत पिसं झिजतात आणि तो पट्टा कधीकधी दिसेनासाही होतो, त्यामुळे पट्टा नाही म्हणून लगेच बाद करू नका. आवाज दोन तुकड्यांचा, "चिस्-वी", थोडा धोब्यासारखा. तो एकदा कानात बसला की प्रत्येक रेन ट्रीत एक आहे असं कळतं.

ब्लिथचा वेळू वटवट्या खालच्या झुडपात असतो: कुंपणाची मेंदी, घाणेरी, गवताचे झुबके. वरून साधा तपकिरी-ऑलिव्ह, पंखपट्टा नाही, भुवई आखूड, चोच लांबट. दर काही सेकंदांनी दगडावर दगड आपटल्यासारखा "टक... टक". एप्रिलमध्ये निघण्याआधी तो झुडपात दबून पुटपुटल्यासारखं गातो, त्यात इतर पक्ष्यांच्या नकला असतात. हे गाणं ऐकायला मिळालं तर पाच मिनिटं हलू नका.

छोटा शुभ्रकंठी (लेसर व्हाइटथ्रोट) बाभळीत. डोकं राखाडी, डोळ्यामागे गडद डाग, गळा शुभ्र. शहराच्या आत कमी, खाडीच्या बांधावर आणि खारघरच्या माळरानावर जास्त.

येऊरची_वाट | ९ मार्च

ठाण्याच्या बाजूने एवढी भर घाला की उपवन तलावाच्या कडेची झाडं आणि येऊरचा पायथा यांत फरक आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, त्यामुळे तिथे जंगलातले हिवाळी पाहुणे मिळतात: नीलांग (व्हर्डिटर फ्लायकॅचर), राखी कोतवाल, स्वर्गीय नर्तक, माथ्यावर फिकट रेघ आणि पंखावर दोन पट्टे असलेला वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर. राखी कोतवाल आणि आपला नेहमीचा कोतवाल यांत गोंधळ नको. राखीचा डोळा लालभडक, अंग चकचकीत काळं नाही तर पाटीसारखं करडं, आणि तो झाडांच्या शेंड्यांवर बसतो. नेहमीचा कोतवाल तारेवर आणि म्हशीच्या पाठीवर.

वन विभागाच्या नाक्यावर नोंद करा, मुख्य वाट सोडू नका आणि अंधारात आत शिरू नका. बिबटे आहेत, ते काही शोभेला नाहीत. पक्ष्यांसाठीही घाई करून उपयोग नाही, जंगलात उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीच खालच्या थरात हालचाल सुरू होते.

आणि मिश्र थवे! येऊरमध्ये अर्धा तास काहीच नसतं, मग एकाच झाडात आठ-दहा जातींचे पक्षी एकदम येतात. अशा वेळी पहिला दिसलेला पक्षी निरखत बसू नका. आधी सगळ्या थव्यावर नजर फिरवा, थव्याच्या पुढच्या झाडाखाली जाऊन थांबा, मग एकेक ओळखा.

सेक्टर_१७ | ९ मार्च

मर्लिन ॲप लावलं की आवाजावरून सगळं सांगतं की. एवढं पाठ कशाला करायचं?

वेळूवन | ९ मार्च

लावा जरूर, पण त्याचं उत्तर म्हणजे सूचना समजा, नोंद नव्हे. पाम बीच रोडवर गाड्यांची घरघर असते, बागेत लाउडस्पीकरवर योगाचे आदेश असतात, त्या गोंगाटात ॲप चुकतं. दयाळ आणि कोतवाल दोघेही नकला करतात, मग ॲप भलत्याच पक्ष्याचं नाव दाखवतं. आपला नियम सोपा आहे: ॲपने नाव दाखवलं, तर पक्षी डोळ्यांनी बघा किंवा तोच आवाज स्वतः ओळखता यायला हवा. नाहीतर यादीत नाही.

खाडीकाठ | ९ मार्च

सहमत. आणि मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हा तर विषयच नको. परतीच्या वाटेवरचा पक्षी अंगावर चरबी साठवत असतो, पुढचे शेकडो किलोमीटर त्यावरच काढायचे असतात. खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात त्याचा वेळ आणि ताकद जाते. स्थानिक पक्ष्यांचा हाच विणीचा हंगाम आहे, त्यांचंही तेच.

कॅमेरावाला_कळवा | १२ मार्च

लाल छातीचा माशीमार आणि टैगा माशीमार यांचा घोळ मिटवा कोणीतरी. दर मार्चमध्ये यावरून गटात भांडणं होतात.

वेळूवन | १२ मार्च

नर असेल तर सोपं. लाल छातीच्या प्रौढ नराचा केशरी रंग गळ्यावरून छातीवर उतरतो आणि हिवाळाभर टिकतो. टैगाच्या नराचा केशरी रंग फक्त गळ्यापुरता, त्याखाली राखाडी पट्टा, आणि हिवाळ्यात तो जातो. मार्चमध्ये पिसं बदलून पुन्हा येऊ लागतो.

माद्या आणि लहान वयाच्या पक्ष्यांसाठी फोटोत दोन जागा बघा. खालच्या चोचीचा बुंधा फिकट असेल तर लाल छातीचा, चोच पूर्ण काळी असेल तर टैगाकडे कल. दुसरी जागा शेपटीच्या मुळाशी वरची पिसं: टैगाची ती शेपटीपेक्षाही काळीकुट्ट असतात, लाल छातीच्या माशीमाराची शेपटीइतकीच किंवा थोडी फिकी. आवाजात टैगाची "ट्र्र्र" घाईची आणि कोरडी, दुसऱ्याची जरा संथ. एकच खूण बघून टैगा घोषित करू नये, आपल्या भागात नेहमीचा लाल छातीचाच.

फोटो बाजूने काढा, चोच आणि शेपटीचं मूळ दोन्ही येईल असा. समोरून काढलेला गोंडस फोटो ओळखीला बिनकामाचा.

दुर्बीण_दुरुस्ती | १३ मार्च

दुर्बिणीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. बागेतल्या वटवट्यांसाठी ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ४२ मिमीचं. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण दृश्याचा घेर लहान होतो, हाताचा कंप वाढतो आणि पानांत उड्या मारणारा पक्षी सापडेपर्यंत गेलेला असतो. खाडीवर चिखलातले पक्षी बघायला १० ठीक. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिमी येतात, एवढी प्रकाशाची चकती डोळ्यात पडते, पहाटेच्या अंधुक उजेडात हाच आकडा कामाचा. खरेदी करताना जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतं तेही विचारा. अडीच मीटरच्या आत हवं, नाहीतर कुंपणातला वटवट्या धूसरच.

"माझ्या दुर्बिणीतून डोकं दुखतं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा डायऑप्टर (दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारी कडी) न जुळवणं असतं. दूरची पाटी निवडा. उजवी बाजू हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबून ठेवा, नाहीतर अर्धंच दृश्य दिसतं.

आणि बुरशी. आपल्या दमट हवेत चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर पावसाळ्यानंतर जाळी चढलेली असते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की गरम करून वाळवा. भिंग शर्टाला पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा.

नवखी_नेरूळकर | २१ मार्च

रेन ट्रीवरचा "चिस्-वी" जमला, शिंपीही. आता ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या ॲपवर) यादी टाकायची आहे. कशी टाकू? आणि माझ्या बागेतल्या सात-आठ नेहमीच्या पक्ष्यांचा कोणाला काय उपयोग?

खाडीकाठ | २१ मार्च

फार उपयोग, आणि हा धागा खरं तर त्यासाठीच उघडला.

पक्षी पहिल्यांदा कधी आला हे सगळे लिहितात. ऑक्टोबरमध्ये पहिला धोबी दिसला की गटात फोटो येतात. शेवटचा कधी दिसला हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण शेवटचा दिवस तेव्हा कळतच नाही. तो मागाहून कळतो, तोही तुम्ही पुढचे दोन-तीन आठवडे त्याच जागी जाऊन तो नसल्याचं नोंदवलं असेल तरच. म्हणून एप्रिलअखेर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या, ज्यांत "काहीच नाही" वाटतं, त्या याद्या सर्वांत महत्त्वाच्या.

हे जमायचं असेल तर यादी पूर्ण हवी. ॲप शेवटी विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का. कावळा, पारवा, साळुंकी धरून सगळं लिहिलं असेल तरच "हो" म्हणा. पूर्ण यादीत हिरवट वटवट्या नसेल तर त्याचा अर्थ "शोधला, सापडला नाही" असा घेता येतो. निवडक पक्ष्यांच्या यादीतून तो अर्थ निघत नाही.

बाकी पथ्यं: यादी किमान १५ मिनिटांची. एकाच कट्ट्यावर बसून बघितलं तर स्टेशनरी, चाललात तर ट्रॅव्हलिंग. ट्रॅकवर फेऱ्या मारत असाल तर तीच वाट दुसऱ्यांदा अंतरात धरू नका, आणि पुन्हा दिसलेले तेच पक्षीही मोजू नका. संख्येच्या जागी नुसता "एक्स" टाकण्यापेक्षा अंदाजे आकडा बरा. भोरड्यांचा मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, दहांचा गठ्ठा केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवा आणि तसे किती गठ्ठे बसतात ते बघा. ज्वेलची यादी आणि वंडर्स पार्कची यादी वेगळी. एकाच यादीत दोन्ही घातलीत तर दोन्ही वाया.

एकच जागा, आठवड्यातून दोनदा, साधारण तीच वेळ. दहा जागी एकेकदा जाण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं.

सेक्टर_१७ | २२ मार्च

वाशीच्या सागर विहारला वटवटे मिळतील का? की नुसते पाणपक्षी?

येऊरची_वाट | २२ मार्च

कांदळवनाच्या कडेला, विशेषतः जिथे वेत-लव्हाळ्याचे झुबके आहेत तिथे, मोठा वेळू वटवट्या मिळतो. कर्कश, मोठ्याने "करा-करा-कीक" असा. त्याला शोधायचं नाही, तोच सांगतो मी कुठे आहे. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बघा, त्याही एप्रिलमध्ये पांगतात. खाडीवर जाताना भरतीची वेळ बघून जा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारचा हिशेब या रविवारी लागू पडत नाही.

पलीकडे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), त्यामुळे सगळ्यांचं लक्ष चिखलाकडे असतं आणि पाठीमागच्या बाभळीकडे कोणी बघत नाही. जरा वळून बघा. आणि कुरव पक्ष्यांना शेव-गाठी घालणाऱ्यांना कोणी समजावू शकेल तर पुण्य लागेल.

गॅलरीतली_बाग | ५ एप्रिल

घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर पाणी ठेवलं तर हे पक्षी येतील का?

वेळूवन | ५ एप्रिल

एवढ्या उंचावर पारवे आणि कावळे येतील. लहान पक्ष्यांसाठी खाली बागेत ठेवा. मातीचं खरबरीत पसरट भांडं, पाणी दोन-तीन सेंटीमीटरच, मध्ये एक दगड. गुळगुळीत स्टीलच्या खोल भांड्याला वटवटे तोंड लावत नाहीत, त्यांना पाय टेकायला जागा हवी असते. झुडपापासून दोन-तीन मीटर अंतरावर ठेवा. अगदी चिकटून ठेवलंत तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलंत तर पक्षी धजत नाही. रोज ओतून, घासून, पुन्हा भरा. डासांच्या अळ्या आठवड्याभरात मोठ्या होतात आणि मग सोसायटीची नोटीस येते, तीही योग्यच.

कॅमेरावाला_कळवा | १८ एप्रिल

सोसायटीत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली आहे. रेन ट्री पार बोडका करणार म्हणतात. काही करता येतं का?

खाडीकाठ | १८ एप्रिल

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सोसायटीच्या सचिवांकडे परवानगीचं पत्र मागा आणि त्यात नेमक्या कुठल्या झाडाची किती छाटणी लिहिली आहे ते वाचा. मग छाटणाऱ्यांसोबत झाडाखाली उभे राहा. घरटं असलेली फांदी दाखवा, ती राहू द्या. वाळलेल्या आणि धोक्याच्या फांद्या काढायला कोणाचीच हरकत नसते. भांडण शेंड्यावरून होतं, आणि शेंडा गेला की पुढचे काही हंगाम हिरवट वटवट्या त्या झाडावर थांबत नाही. बोलणं आदल्या दिवशी करा. करवत चालू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

गॅलरीतली_बाग | १६ मे

वटवटे गेले वाटतं, दोन आठवडे एकही नाही. पण आमच्या इमारतीच्या काचेवर धडकून पक्षी पडल्याचं वॉचमन सांगतो. या महिन्यात कुठले पक्षी येतात?

येऊरची_वाट | १६ मे

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला नवरंग (इंडियन पिट्टा) दक्षिणेकडून येतो. तोही रात्री उडतो, आणि थकलेला किंवा काचेवर आपटलेला नवरंग दर वर्षी मुंबई-ठाण्यात कुठे ना कुठे सापडतो. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लाल, शेपूट अगदी तोकडी. त्याच सुमारास चातकही पोचतो.

पक्षी जिवंत असेल तर झाकणाला भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाशी सुती कापड, पक्षी आत ठेवून झाकण बंद. अंधार आणि शांतता, एवढाच उपचार. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दाणे नको, फोटो काढायला दर पाच मिनिटांनी उघडणं नको. तास-दोन तासांनी झाडीजवळ नेऊन झाकण उघडा. नुसता दमला असेल तर आपोआप जातो. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा उडत नसेल तर वन विभागाला कळवा. हे वन्यजीव आहेत, घरी ठेवता येत नाहीत.

काचेसाठी: ससाण्याचं एकच स्टिकर लावून काही होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या, दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. आतून लावले तर बाहेरचं आभाळाचं प्रतिबिंब त्यावर तसंच राहतं. आणि वॉचमनला सांगा, पडलेला पक्षी मेलेला असला तरी तारीख, वेळ, इमारतीची कुठली बाजू आणि एक फोटो ठेवायचा. मग कुठल्या काचेला आधी ठिपके लावायचे ते ठरवता येईल.

नवखी_नेरूळकर | १७ मे

माझ्या रेन ट्रीवर शेवटचा हिरवट २७ एप्रिलला. त्यानंतरच्या पाच याद्यांत नाही. बरोबर ना?

खाडीकाठ | १७ मे

बरोबर. मे संपेपर्यंत अजून दोन याद्या टाका.